अंडनिक्षेपकाच्या मुळाशी

दोन कीटक बाहेरून तंतोतंत सारखे दिसायला लागले, की कीटकशास्त्रातली माणसं त्यांच्या पोटाचं शेवटचं टोक कापतात, कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळतात आणि आतली जननेंद्रियं बाहेर काढून बघतात. पंखांवरचे ठिपके, पायांचा रंग, डोक्यावरच्या शिंगांची (स्पर्शिकांची) लांबी यांवर विसंबता येत नाही तेव्हा हे एक साधन जवळजवळ हमखास उपयोगी पडतं. वडोदऱ्याच्या विद्यापीठात एम.एस्सी. करताना प्राणिशास्त्र विभागात मी प्रकल्पासाठी हेच काम घेतलं होतं. सुरुवात नरांपासून केली, कारण सगळे तशीच करतात. शेवट मात्र माद्यांवर झाला आणि त्या वाटेवर जे दिसलं ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. मराठीत या विषयावर वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कीटक जमवणं हा सर्वांत सोपा भाग. पहिल्या पावसानंतर विभागाच्या मागच्या मोकळ्या जागेत पांढरी चादर टांगून दिवा लावला, की तासाभरात रातकिडे, पतंग, भुंगेरे, तुडतुडे सगळे हजर. नाकतोडे आणि लेडीबर्ड भुंगेरे शहराबाहेर तुरीच्या आणि कपाशीच्या शेतांत मिळाले. टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) आणि चतुर पाण्याजवळच सापडतात, पण विश्वामित्रीत मगरी आहेत, अगदी शहराच्या मधोमध. त्यामुळे नदीच्या कडेला उतरून जाळं फिरवायचं नाही, हा आमच्या मॅडमचा पहिला नियम. वसतिगृहाच्या दिव्याखाली सकाळी आग्या मोहोळाच्या मधमाश्या मरून पडलेल्या असायच्या, त्या मी वेचून आणायचे. दांडिया बाजारातल्या घरी आजीच्या चवळीच्या डब्याला भुंगा लागला होता, तो डबाही तिनं स्वतःहून माझ्या हवाली केला. झुरळांची तर गोष्टच सोडा.

खरं काम टेबलावर सुरू होतं. वाळलेला नमुना असेल तर आधी ओलसर कापसाच्या बंद बरणीत ठेवून मऊ करायचा. मग पोटाचा शेवटचा भाग बारीक कात्रीनं कापून दहा टक्के पोटॅशच्या द्रावणात टाकायचा आणि ती परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची. लहान भुंगेऱ्याला पाच-सात मिनिटं पुरतात. मोठ्या रातकिड्याला रात्रभर थंड द्रावणात ठेवलेलं बरं, कारण घाईनं उकळलं की सांधे सुटतात. पोटॅश स्नायू आणि चरबी विरघळवतं, कवचातल्या कडक कायटिनला मात्र हात लावत नाही. म्हणून आधी जो काळपट गोळा दिसत होता तो धुतल्यावर मधाच्या रंगाचा, पारदर्शक सांगाडा होतो. पाणी, त्यात ॲसेटिक ॲसिडचे एक-दोन थेंब, पुन्हा पाणी आणि शेवटी ग्लिसरीन. ग्लिसरीनमध्ये वस्तू तरंगत नाही, हवी तशी वळवून ठेवता येते. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दोन्ही हातांत सुया धरून बसलं, की मग चित्र काढायला लागायचं. फोटो काढता येतो, पण फोटोत सगळं एकाच खोलीवर दिसतं. चित्र काढताना प्रत्येक रेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवावं लागतं, त्यामुळे खरं बघणं चित्रातच होतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रयोगशाळेतले भाई रोज दारातून विचारायचे, "बेन, आजे शुं उकाळ्युं?" म्हणजे आज काय उकळलंत? एकदा मी त्यांना लेडीबर्ड भुंगेऱ्याचा नर दाखवला. त्यांनी कितीतरी वेळ भिंगातून डोळा काढला नाही. खरंच बघण्यासारखी गोष्ट आहे ती. तुरीच्या शेंड्यावर माव्याच्या मागे फिरणारा सहा खुणांचा चेइलोमेनस सेक्समॅक्युलेटा हा आपल्याकडचा अगदी नेहमीचा भुंगेरा. याच्या पाठीवरची नक्षी जागोजागी बदलते. कधी पिवळ्यावर काळ्या नागमोडी रेघा, कधी काळा रंग पसरत गेलेला, कधी जवळजवळ सगळा काळा. शेजारी शेजारी ठेवले तर कुणीही वेगवेगळ्या जाती म्हणेल. पण पोट उघडलं की आत एक लांब, धनुष्यासारखी वाकलेली बारीक नळी असते. तिला सायफो म्हणतात. तिला वाट दाखवणारा एक मधला टोकदार भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केसाळ काठ्या. या नळीचं टोक आणि वाट दाखवणाऱ्या भागाची बाह्यरेषा रंग कुठलाही असो, तीच. मी काळे, पिवळे, मधले सगळे एका ओळीत मांडले आणि आतली चित्रं काढली, तेव्हा सर्व एकमेकांवर बसली. उलट दिसायला सारख्या दोन जातींमध्ये हेच टोक चटकन वेगळं दिसतं. लेडीबर्डच्या वर्गीकरणात या अवयवाला इतकं वजन का, ते तेव्हा हातून समजलं.

आता प्रश्न असा, की हा अवयव जातीजातींत इतका बदलतो तरी का? फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेऑं द्युफूर यांनी १८४४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. प्रत्येक जातीच्या नराची किल्ली त्याच जातीच्या मादीच्या कुलपात बसते, म्हणून दोन जातींचा संकर टळतो. ऐकायला फार पटणारी कल्पना आहे आणि काही गटांत ती लागूही पडते. अडचण अशी, की असंख्य कीटकांच्या माद्यांत कुलूपच नाही. नराकडे काटे, आकडे, वळणं, आणि मादीचा मार्ग मऊ, कोणत्याही आकाराला जागा देणारा. १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी वेगळा विचार मांडला. मादी मीलनानंतरही निवड करते, कुणाचे शुक्राणू साठवायचे आणि वापरायचे हे तिच्या शरीरात ठरतं, आणि नराचा अवयव त्या निवडीच्या दाबाखाली झपाट्यानं बदलत राहतो. १९९८ मध्ये यॉरान आर्नक्विस्ट यांनी कीटकांचे जवळचे गट जोडीजोडीनं तपासले. ज्या गटांत मादी अनेक नरांशी मीलन करते तिथे नरांच्या जननेंद्रियांतला फरक, एकदाच मीलन करणाऱ्या गटांच्या दुपटीहून जास्त निघाला. कुलूप-किल्लीच खरी असती तर असं व्हायचं कारण नव्हतं.

टाचण्यांचं उदाहरण याहून थेट आहे. जोनाथन वाग यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की कॅलॉप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीचा नर आपल्या अवयवानं मादीच्या आत आधीच्या नराचे साठलेले शुक्राणू खरवडून बाहेर काढतो आणि मग स्वतःचे सोडतो. आमच्याकडच्या टाचणीचा नर मी पोटॅशमधून काढला तेव्हा त्या अवयवाचं आकड्यासारखं वळलेलं टोक बघून मला तो शोधनिबंध पुन्हा वाचावासा वाटला.

चतुर आणि टाचण्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं. यांच्या नरात शुक्राणू बाहेर येण्याचं छिद्र इतर कीटकांसारखं पोटाच्या नवव्या खंडावर म्हणजे कड्यावर, शेपटीच्या टोकाजवळ असतं. मीलनाचा अवयव मात्र पोटाच्या सुरुवातीला, दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली. नर आधी पोट वाकवून स्वतःच्याच पुढच्या अवयवात शुक्राणू भरतो. टाचण्यांत हा अवयव दुसऱ्या खंडापासून बनलेला आहे, चतुरांत तिसऱ्या खंडाच्या भागापासून. काम एकच, जागा जवळपास एकच, तरी मूळ वेगळं. म्हणजे आकार आणि काम बघून दोन अवयवांचं नातं ठरवता येत नाही. तो कोणत्या खंडातून निघाला, शेजारच्या कोणत्या पट्टीला, म्हणजे कवचाच्या तुकड्याला, जोडला आहे, ते बघावं लागतं.

नरांची चित्रं घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी सगळी वही शांतपणे चाळली आणि विचारलं, "छान आहेत. आता यावरून मला सांग, झुरळ, रातकिडा आणि मधमाशी यांत कुणाचं कुणाशी काय नातं?" मी गप्प बसले. झुरळाचा नर बघितलेल्यांना कळेल का ते. त्याच्या पोटाच्या टोकाशी उजवीकडे एक, डावीकडे एक आणि खाली एक असे तीन ओबडधोबड भाग असतात, आणि डावा उजव्याशी जुळत नाही. आकडे, दातेरी कडा, पुढे आलेलं बोटासारखं टोक. यातल्या कशाची जोडी लेडीबर्डच्या सायफोशी लावायची? हा गोंधळ माझ्यापुरता नव्हता. कीटकांच्या शरीररचनेचे सर्वांत मोठे जाणकार म्हणता येतील असे आर. ई. स्नॉडग्रास यांनीही १९५७ मध्ये नरांच्या बाह्य जननेंद्रियांविषयीची मांडणी नव्यानं केली. हे अवयव पायांसारख्या उपांगांपासून न बनता भ्रूणातल्या दोन साध्या कळ्यांपासून बनतात, असं त्यांनी सुचवलं. जे अवयव जातीजातींत इतक्या वेगानं बदलतात, ते कोट्यवधी वर्षं जुन्या नात्याचा पुरावा कसा जपून ठेवणार?

मॅडम म्हणाल्या, "अगं, मादी घे. आणि टोकाकडे बघू नकोस, मुळाकडे बघ."

रातकिड्याच्या मादीच्या मागे सुईसारखा लांब अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालण्याचा अवयव असतो, तो कुणीही पाहिलेला असेल. नुसत्या डोळ्यांना एकच काडी वाटते. पोटॅशमधून काढून ग्लिसरीनमध्ये ठेवल्यावर कळतं की ती चार लांब पाती आहेत, दोन वर आणि दोन खाली. सुईनं वरचं पातं आडवं ओढून वेगळं करायला गेले तर ते सुटेना. लांबीच्या दिशेनं ढकललं तर मात्र सहज घसरत गेलं. एका पात्याच्या कडेवर बारीक कंगोरा आहे आणि दुसऱ्यात त्याच मापाची खाच, अगदी सरकत्या खिडकीच्या चौकटीसारखी. पाती एकमेकांना सोडत नाहीत पण एकमेकांवर मागे-पुढे सरकतात. मादी जमिनीत अंडी घालते तेव्हा एक पातं पुढे, मग दुसरं पुढे, असं करत सुई ओल्या मातीत उतरते. ठोकायला लागत नाही. मुळाशी असलेल्या लहान पट्ट्या सुईनं हलवल्या की टोकाची पाती जागच्या जागी घसरतात. मी ते कितीदा तरी करून पाहिलं. पोटॅशनं स्नायू केव्हाच गेलेले असतात, तरी यंत्र चालतं.

मुळाशी जाऊन मोजलं की असं दिसतं. आठव्या खंडाच्या पट्टीपासून पात्यांची पहिली जोडी निघते, ती खालची. नवव्या खंडापासून दोन जोड्या निघतात. त्यांतली बाहेरची जोडी म्हणजे रातकिड्याची वरची पाती. आतली जोडी मुळाशी दोन इवल्याशा खुंटांइतकी उरली आहे, आधी माहीत नसेल तर नजरेतून सुटून जाईल. लांब शिंगांच्या हिरव्या नाकतोड्यात तलवारीसारखा चपटा अंडनिक्षेपक असतो, त्यात ही आतली जोडीही लांब आणि कामाची. शेतातल्या आखूड शिंगांच्या नाकतोड्यात सगळं आखूड आणि जाडजूड झालेलं आहे. वरची-खालची पाती म्हणजे चार दणकट आकडे. ते उघडून-मिटून मादी माती बाजूला सारते आणि पोट ताणून खोल नेते. आणि झुरळात? सातव्या खंडाच्या होडीच्या आकाराच्या पट्टीआड लपलेली, बोटांसारखी मऊ सहा टोकं. ती कशातच शिरत नाहीत. साधारण १४ ते १६ अंडी दोन ओळींत नीट लावून अंडकोशिकेत, म्हणजे अंड्यांच्या कुपीत पोचवायची, एवढंच त्यांचं काम. तीन जोड्या, तेच दोन खंड. काम बदललं, लांबी बदलली, पण पत्ता बदलला नाही.

यानंतर मधमाशी. नांगी म्हणजे अंडनिक्षेपकच, हे वाक्य पाठ्यपुस्तकात होतं आणि मी परीक्षेत लिहिलंही होतं. म्हणूनच नांगी फक्त माद्यांना असते, कामकरी आणि राणीला. नराकडे ती असूच शकत नाही. पण ते वाक्य टेबलावर उलगडताना बघणं ही वेगळीच गोष्ट. आग्या माशीचं पोट पोटॅशमध्ये ठेवून नांगी पट्ट्यांसकट बाहेर काढली. मध्ये एक जाड नळीसारखा दांडा, तो नवव्या खंडाची आतली जोडी एकत्र जुळून बनलेला. त्याच्या खालच्या बाजूला दोन बारीक काटेरी भाले, ती आठव्या खंडाची पहिली जोडी. बाजूला दोन मऊ, केसाळ म्यानं, ती नवव्याची बाहेरची जोडी. सुईनं भाला ढकलला, तो दांड्यावर घसरला. तोच कंगोरा, तीच खाच. फरक एवढाच, की रातकिड्यात पहिली जोडी बाहेरच्या जोडीवर सरकते आणि मधमाशीत ती आतल्या जोडीवर. वरवर बघून "दोन्हीकडे सरकती पाती" एवढंच लिहिलं असतं तर कोणतं पातं कुणाचं भावंड हे चुकलं असतं. विष तयार करणारी ग्रंथीसुद्धा मूळची मादीच्या प्रजननसंस्थेतली साहाय्यक ग्रंथी आहे.

भाल्याच्या मुळाशी एक लहान त्रिकोणी पट्टी आहे. तिचा एक कोपरा भाल्याला जोडलेला, दुसरा नवव्या खंडाच्या पाठीच्या पट्टीवर टेकलेला आणि तिसरा दांड्याला आधार देणाऱ्या लांबट पट्टीवर. स्नायूंनी बाजूच्या पट्ट्या ओढल्या की हा त्रिकोण डुलतो आणि भाला पुढे जातो. मी हे चित्र पूर्ण केल्यावर मॅडमनी मला त्यांच्या कपाटातली एक जुनी स्लाइड दिली. त्यात होती कसर, पुस्तकांत राहणारी चंदेरी, पंख नसलेली. तिच्या अंडनिक्षेपकाच्या मुळाशीही एक लहानशी पट्टी, पहिल्या पात्याला जोडलेली, नवव्या पाठीच्या पट्टीवर टेकलेली आणि नवव्याच्या आधारपट्टीशी सांधलेली. तीच तीन नाती. या पट्टीला गोनॅंगुलम म्हणतात. १९६१ मध्ये जी. जी. ई. स्कडर यांनी कीटकांच्या अंडनिक्षेपकांची तुलना करताना याच पट्टीला केंद्रस्थानी ठेवलं आणि मधमाशीची त्रिकोणी पट्टी हीच ती, असं मांडलं. कसर आणि पंखवाले सगळे कीटक एका कुळात बसवताना या पट्टीचा दाखला आजही दिला जातो. कसरीची आणि मधमाशीची वाट सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असेल. एवढ्या काळात एकीला पंख फुटले, तिच्या अंडनिक्षेपकाची नांगी झाली आणि हा त्रिकोण तेवढा राहिला. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून मी पाळीपाळीनं बघत होते आणि मला खरोखर भरून आलं होतं.

हे सगळीकडे टिकलेलं नाही, हेही सांगायला हवं. माश्या, भुंगेरे आणि फुलपाखरं यांच्यात खरा अंडनिक्षेपक उरलेलाच नाही. पेरूत अंडी घालणाऱ्या फळमाशीच्या मादीचं टोक टोकदार असतं, सालीत शिरतं आणि रातकिड्याच्या सुईची आठवण करून देतं. पोटॅशमधून काढलं की कळतं, ते पात्यांचं नाहीच. पोटाचे शेवटचे खंडच बारीक होऊन एकात एक शिरलेले आहेत, ओढले की दुर्बिणीच्या नळीसारखे लांब होतात. सुई दोघींकडे, पण एकीची वारशानं आलेली आणि दुसरीची नव्यानं घडवलेली. टाचणीच्या मादीकडे मात्र पात्यांचा खरा अंडनिक्षेपक आहे, पाणवनस्पतींच्या देठात चीर पाडून अंडी घालणारा.

इथवर येईस्तो माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती, ती मला अस्वस्थ करत होती. आमची पद्धतच नरांच्या बाजूची आहे. पोटॅश मऊ भाग खातं. नराचे अवयव कडक असतात म्हणून ते सुंदर उरतात. मादीचा शुक्राणू साठवण्याचा कोश, त्याची नळी, मीलनमार्ग यांना आतून कायटिनचं पातळ अस्तर असतं, म्हणून ते उरतात खरे, पण इतके पारदर्शक की ग्लिसरीनमध्ये दिसतच नाहीत. क्लोराझॉल ब्लॅक या रंगाचा थेंब दिला की ते निळसर-काळे होऊन उठून दिसतात. तो एक थेंब देण्याचा कंटाळा किती वर्गीकरणांत केला गेला असेल! आणि अंडाशयाला तर अस्तरच नाही, ते पूर्ण विरघळून जातं. जुन्या शोधनिबंधांत नराची चार बाजूंनी चित्रं असतात आणि मादीबद्दल एक ओळ. नरांकडे असा झुकलेला हा अभ्यास २०१४ मध्ये मालिन आ-किंग आणि सहकाऱ्यांनी प्रकाशित निबंधांची छाननी करून दाखवून दिला.

म्हणून अंडाशयांसाठी मी ताजे कीटक घेतले आणि मिठाच्या सौम्य द्रावणात, मेणाच्या तबकात उघडले. झुरळाच्या प्रत्येक अंडाशयात आठ अंडनलिका असतात, मण्यांच्या माळांसारख्या, टोकाकडे लहान आणि खाली मोठ्या अंड्यांच्या. रातकिड्यातही अंडं नलिकेत एकटंच वाढतं, सोबतीला पोषक पेशी नसतात. कपाशीवरच्या लाल ढेकण्यात बाजूला सात अंडनलिका, आणि पोषक पेशी सगळ्या नलिकेच्या शेंड्याला जमलेल्या. तिथून बारीक दोऱ्यांसारख्या वाटांनी खालच्या अंड्यांना अन्न पोचतं. घाटेअळीच्या पतंगात बाजूला चारच नलिका, लांबलचक गुंडाळलेल्या. इथे प्रत्येक अंड्याला स्वतःच्या पोषक पेशी. पतंग-फुलपाखरांत त्या सात, फळांवर घोंघावणाऱ्या लहान ड्रॉसोफिलात पंधरा. एक पेशी तीनदा दुभंगली की आठ आणि चारदा दुभंगली की सोळा, त्यांतली एक अंडं होते. ढेकण्याच्या गटात शेंड्याची पद्धत, पतंग-माश्या-मधमाश्यांत शेजारची पद्धत, झुरळ-रातकिड्यांत सोबतच नाही. हीसुद्धा नात्याची खूण. पण डोळे झाकून विसंबण्यासारखी नाही, कारण पिसवांनी पोषक पेशी पुढे सोडून दिल्या आणि त्यांची अंडनलिका पुन्हा झुरळासारखी दिसायला लागली.

राहिला आजीचा चवळीचा डबा. त्यातला भुंगेरा म्हणजे कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस. नराच्या अवयवाच्या टोकाला काट्यांचा झुबका असतो आणि मीलनात तो मादीच्या मार्गाला आतून जखमा करतो. २००० साली हे प्रसिद्ध झालं. मादी मागच्या पायांनी नराला लाथा मारते, डब्याच्या काचेतून ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. फक्त नराचं चित्र काढून थांबलं तर गोष्ट इथेच संपते. २००७ मध्ये आर्नक्विस्ट यांच्या गटानं या भुंगेऱ्यांच्या अनेक जातींच्या माद्याही उघडून मोजल्या. ज्या जातीत नर जास्त इजा करणारा, त्या जातीत मादीच्या मार्गाचं अस्तर जास्त जाड आणि मजबूत निघालं. म्हणजे दोघं एकमेकांना घडवत आलेत. मी मादीला रंगाचा थेंब देऊन तिचा मार्ग काढला, त्यावरचे गडद तपकिरी ठिपके भिंगाखाली दिसले. त्या भरून आलेल्या जखमा होत्या. ते पान माझ्या वहीतलं मला सर्वांत जवळचं वाटतं.

प्रकल्पाचं शीर्षक शेवटी बदललं. आधी त्यात "नर जननेंद्रियांवरून जातींची ओळख" असं होतं. आता जातींची ओळख पहिल्या भागात आहे आणि उरलेला सगळा भाग आठव्या-नवव्या खंडाच्या पट्ट्यांचा. जवळच्या दोन जाती वेगळ्या करायच्या असतील तर नराचं टोक बघावं, कारण ते वेगानं बदलतं. दूरची नाती शोधायची असतील तर मादीचं मूळ बघावं, कारण ते हळू बदलतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी वहीत उतरवून घेतलं असतं, पण बहुधा त्यावर विश्वास बसला नसता.

या कामाला बसणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. काढलेला अवयव ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून ती कुपी त्याच कीटकाच्या टाचणीला, त्याच्याच खाली टोचून ठेवा. अवयव एकीकडे आणि कीटक दुसरीकडे गेला की दोन्ही निरुपयोगी. आणि प्रत्येक नराबरोबर त्याच ठिकाणची, त्याच रात्रीची एक मादी ठेवा, रंगाचा थेंब देऊन. विभागाच्या संग्रहात आता लेडीबर्ड, रातकिडे, नाकतोडे आणि चवळीचे भुंगेरे यांच्या माद्यांच्या कुप्या आहेत. चतुरांच्या बाकी आहेत, त्यासाठी पाऊस पडला की वढवाणा तलावावर जायचं आहे.